सेजमेकरचा ट्रेनिंग जॉब ‘ॲक्सेस डिनाइड’ म्हणून पडतोय? एस-थ्रीतल्या डेटाची परवानगी नीट अशी द्या

सेजमेकर म्हणजे ॲमेझॉनच्या क्लाउडवर मॉडेल शिकवायची सेवा, तिथे शिकवण्याची एक फेरी म्हणजे ट्रेनिंग जॉब. एस-थ्री म्हणजे तिथलंच फाइलींचं कोठार, आणि बकेट म्हणजे त्यातला एक कप्पा. लक्षण असं. सरावाचा डेटा घेऊन ट्रेनिंग जॉब सुरळीत चालतो. मग फौंड्रीतले खरे फोटो असलेली बकेट जोडली की जॉब सुरू होतो, मशीन मिळतं, ‘डाउनलोडिंग’ असं दिसतं आणि तिथेच जॉब पडतो. कारणाच्या रकान्यात येतं, डेटा उतरवता आला नाही, ॲक्सेस डिनाइड, ४०३, म्हणजे परवानगी नाकारली. मग घाईत कुणीतरी जॉबच्या रोलला (ज्या ओळखीने जॉब चालतो तिला) एस-थ्रीची सगळीच परवानगी देतं. जॉब पळतो, सगळे सुटकेचा श्वास सोडतात. पुढच्या पार्टीचा डेटा आला की पुन्हा तेच रडगाणं.

बेळगावात उद्यमबाग, मच्छे, होनगा या पट्ट्यात कास्टिंगचे फोटो घेऊन ब्लोहोल, सँड इन्क्लूजन, कोल्ड शट असे ओतकामातले दोष ओळखणारी मॉडेलं करायचं काम आता बरीच मुलं करू लागली आहेत. चिकोडी-रायबागकडे उसाच्या पानावरचे रोग ओळखायचे प्रयत्न चालू आहेत. सगळ्यांची अडचण हीच, म्हणून सविस्तर लिहितोय. उदाहरणं फौंड्रीची घेतली आहेत, कारण माझं काम तिथलं. उसाच्या फोटोंनाही हे जसंच्या तसं लागू पडतं.

आधी त्या ‘सगळीच परवानगी’बद्दल. फौंड्रीतला फोटो म्हणजे नुसता लोखंडाचा तुकडा नसतो. त्यावर पार्टीचा पार्ट नंबर उठलेला असतो, कधी शेजारी ड्रॉइंग पडलेलं असतं, हीट नंबर असतो. पुण्याच्या किंवा कोल्हापूरच्या पार्टीने गुप्ततेच्या करारावर सही घेतलेली असते. एका फौंड्रीतल्या सुपरवायझर काकांनी आमच्या मुलांना स्वच्छ सांगितलं होतं, “फोटो घ्या की, नाही कोण म्हणतंय? पण एका पार्टीचा माल दुसऱ्या पार्टीला दिसायला नको.” या कामाची खरी अट हीच आहे. एकाच रोलला सगळ्या बकेट उघड्या असतील, तर स्क्रिप्टमधली एक चुकीची ओळ एका पार्टीचे फोटो दुसऱ्या पार्टीच्या मॉडेलमध्ये घालू शकते, आणि कुणाला कळणारही नाही. तेव्हा जॉब चालला पाहिजे हे खरं, पण त्याला हवं तेवढंच दिसलं पाहिजे, हेही तितकंच खरं.

जॉब नेमका कुणाच्या नावाने डेटा वाचतो

गोंधळाचं मूळ बहुतेक वेळा इथे असतं. तुम्ही लॅपटॉपवरून बकेट उघडता, फोटो दिसतात, म्हणून वाटतं जॉबलाही दिसतील. पण जॉब तुमच्या नावाने चालत नाही. जॉब बनवताना तुम्ही एक एक्झिक्युशन रोल देता. सेजमेकर तो रोल धारण करतं आणि त्याला जेवढी परवानगी तेवढंच वाचतं. फौंड्रीच्या गेटवर माल न्यायला आलेल्या ड्रायव्हरच्या हातात गेटपास असतो तसंच हे. मालक ओळखीचे असले तरी पासवर जो माल लिहिलाय तोच बाहेर जातो.

म्हणून जॉबला डेटा द्यायचा तर आयएएममध्ये, म्हणजे ॲमेझॉनच्या परवानग्या सांभाळणाऱ्या सेवेत, तीन गोष्टी जुळायला लागतात. रोलच्या ट्रस्ट पॉलिसीत सेजमेकर सेवेला तो रोल धारण करायची मुभा हवी. जॉब बनवणाऱ्या माणसाला तो रोल सेवेकडे सोपवायची, म्हणजे ‘पासरोल’ची परवानगी हवी. आणि रोलला डेटाची परवानगी हवी. पहिल्या दोन्हींत घोळ असला तर जॉब सुरूच होत नाही आणि संदेशात ‘रोल धारण करता आला नाही’ किंवा ‘पासरोल’ असं स्पष्ट लिहून येतं, त्यामुळे शोधायला वेळ लागत नाही. पासरोल देताना मात्र सगळ्या रोलांसाठी देऊ नका. त्याच एका रोलसाठी द्या, आणि तो फक्त सेजमेकरकडेच सोपवता येईल अशी अट घाला. नाहीतर साधी परवानगी असलेला माणूसही एखादा मोठा रोल जॉबला चिकटवून त्याच्या मागून हवं ते वाचू शकतो.

खरा त्रास तिसऱ्या गोष्टीत आहे.

सरावाचा डेटा चालतो, खरा का चालत नाही

बहुतेकांनी रोल बनवताना ‘ॲमेझॉन सेजमेकर फुल ॲक्सेस’ ही तयार पॉलिसी लावलेली असते. नावात ‘फुल’ आहे, म्हणून सगळं मिळालं असं वाटतं. तसं नाही. ही पॉलिसी बकेटमधल्या वस्तूंची, म्हणजे फाइलींची, यादी बघायची परवानगी सगळ्या बकेटवर देते. पण वस्तू प्रत्यक्ष वाचायची आणि लिहायची परवानगी मुख्यतः ज्या बकेटच्या किंवा वस्तूच्या नावात ‘सेजमेकर’ हा शब्द आहे तिथेच देते. शिवाय ज्या वस्तूवर ‘सेजमेकर’ नावाचा टॅग ‘ट्रू’ म्हणून लावलाय, ती वाचता येते.

आता जोडून बघा. शिकवणीतली जवळजवळ सगळी उदाहरणं सेजमेकरने आपणहून बनवलेली बकेट वापरतात आणि तिच्या नावाची सुरुवातच ‘सेजमेकर’ने होते. म्हणून सराव चालतो. फौंड्रीच्या बकेटच्या नावात तो शब्द नसतो, म्हणून यादी मिळते, जॉब सुरू होतो आणि पहिला फोटो उतरवतानाच ४०३ येतो. यादीची परवानगीच नसती तर जॉब बनवतानाच ‘या पत्त्यावर एकही वस्तू सापडली नाही, रोलला लिस्टबकेटची परवानगी आहे का बघा’ अशा अर्थाचा संदेश आला असता. तेव्हा संदेश कोणत्या टप्प्यावर आला यावरूनच अर्धं निदान होतं. जॉब बनताना अडला तर यादीची परवानगी, पत्ता किंवा रीजन (ॲमेझॉनचं कोणत्या भागातलं केंद्र) तपासा. डाउनलोडिंगला अडला तर वाचायची परवानगी किंवा एन्क्रिप्शनची चावी.

यावर एक सोपी पळवाट सुचवली जाते, ती म्हणजे नव्या बकेटच्या नावातच ‘सेजमेकर’ घालायचं. जॉब चालतो, पण हे करू नका. तुमच्या खात्यात ज्या ज्या रोलला ही तयार पॉलिसी लावलीय, त्या सगळ्यांना ती बकेट उघडी होते. पार्टीचा डेटा अशा बकेटमध्ये ठेवायचाच नाही.

योग्य उपाय असा. प्रत्येक पार्टीसाठी वेगळा रोल करा आणि त्याला स्वतःची छोटी पॉलिसी लिहा. ही पॉलिसी लिहिताना जवळजवळ प्रत्येकजण जिथे अडकतो ती जागा अशी. यादी बघायची लिस्टबकेट ही क्रिया बकेटवर चालते, तर वाचायची गेटऑब्जेक्ट आणि लिहायची पुटऑब्जेक्ट या बकेटमधल्या वस्तूंवर. म्हणून लिस्टबकेटसाठी संसाधनाच्या ओळीत नुसतं बकेटचं नाव हवं, आणि वाचण्या-लिहिण्यासाठी बकेटचं नाव, त्यापुढे तिरकी रेघ, पार्टीचा फोल्डर आणि शेवटी तारा (*), म्हणजे ‘त्यातलं सगळं’. तिन्ही क्रिया एकाच विधानात घालून खाली ताऱ्याची एकच ओळ दिली, तर पॉलिसी बिनतक्रार सेव्ह होते, पण यादीची परवानगी मिळालेलीच नसते. वाचायची परवानगी इनपुटच्या फोल्डरवर, लिहायची फक्त आउटपुटच्या फोल्डरवर. मूळ फोटोंच्या फोल्डरवर लिहायची किंवा पुसायची परवानगी ट्रेनिंगला कधीच लागत नाही.

एक इशारा आवर्जून देतो. याच रोलला ती तयार ‘फुल’ पॉलिसीही लावून ठेवलीत, तर तुमच्या छोट्या पॉलिसीचा काही उपयोग राहत नाही. परवानग्यांची बेरीज होते, वजाबाकी होत नाही. वजाबाकी फक्त स्पष्ट नकार लिहिला तरच, आणि तो लिहिला की कुठलीही परवानगी त्यापुढे टिकत नाही.

शेवटची तिरकी रेघ

हा दोष छोटा दिसतो, पण आमच्यासारख्यांना सगळ्यात महागात पडू शकतो. जॉबला इनपुट देताना तुम्ही एस-थ्रीचा पत्ता देता, समजा शेवटी ‘पार्टी१’. एस-थ्रीला फोल्डर ही गोष्टच माहीत नाही. त्याच्या लेखी हा नावाचा सुरुवातीचा भाग आहे, आणि त्या अक्षरांनी सुरू होणारं सगळं त्यात आलं. म्हणजे ‘पार्टी१’ आलं तसं ‘पार्टी१०’ आणि ‘पार्टी११’ही आलं.

रोलची पॉलिसी नेमकी लिहिली असेल तर जॉब पार्टी१०च्या पहिल्या फोटोवर ४०३ देऊन पडतो आणि तुम्ही डोकं खाजवता, कारण पार्टी१ची परवानगी तर दिलीय. पॉलिसी सैल असेल तर जॉब पडत नाही. तो दुसऱ्या पार्ट्यांचे फोटो निमूट घेऊन मॉडेल शिकवतो. पहिला प्रकार त्रासाचा, दुसरा भयंकर. म्हणून पत्त्याच्या शेवटी तिरकी रेघ द्या, पॉलिसीतही ‘पार्टी१’ नंतर तिरकी रेघ आणि मगच तारा. आणि नवा डेटा जोडल्यावर जॉबने किती फाइली घेतल्या तो आकडा तुमच्याकडच्या आकड्याशी ताडून बघा.

काही फोटो उतरतात आणि मध्येच ४०३

रोल बरोबर आहे, पत्ता बरोबर आहे, तरी अडतंय? मग बहुधा चावीचा प्रश्न आहे. एस-थ्रीत ५ जानेवारी २०२३ पासून येणारी प्रत्येक नवी वस्तू आपोआप एन्क्रिप्ट होते, म्हणजे चावीशिवाय वाचता न येणारी होते. ते एन्क्रिप्शन एस-थ्रीच्या स्वतःच्या चावीने असेल तर वेगळी परवानगी लागत नाही. पण फौंड्रीच्या आयटीवाल्याने केएमएसमधली (ॲमेझॉनची चाव्या सांभाळायची सेवा) स्वतःची चावी लावली असेल, तर रोलला फोटो वाचायला त्या चावीवर ‘डिक्रिप्ट’ लागतं आणि मॉडेल लिहायला ‘जनरेट डेटा की’ लागतं. एस-थ्रीची परवानगी असून चावीची नसेल, तरीही पाटी तीच लागते, ॲक्सेस डिनाइड.

एन्क्रिप्शन वस्तूगणिक असतं. बकेटची सेटिंग मार्चमध्ये बदलली तर फेब्रुवारीतले फोटो जुन्याच चावीचे राहतात. म्हणून अर्धे फोटो उतरतात आणि नेमक्या एका तारखेनंतरच्या फोटोंवर जॉब पडतो. अशा वेळी उतरलेला एक फोटो आणि अडलेला एक फोटो शेजारी उघडून दोन्हींच्या माहितीत एन्क्रिप्शनचा रकाना बघा.

चावीला स्वतःची की-पॉलिसी असते, हेही लक्षात ठेवा. रोलमध्ये कितीही लिहिलं तरी की-पॉलिसीने त्या खात्यातल्या आयएएमवर किंवा थेट त्या रोलवर भरवसा ठेवलेला नसेल, तर चावी मिळत नाही.

दोष चावीचा की एस-थ्रीचा, हे ओळखायची एक चांगली खूण आहे. क्लाउडट्रेल म्हणजे खात्यात कुणी काय केलं याची नोंदवही. त्याच्या इव्हेंट हिस्ट्रीत गेल्या ९० दिवसांच्या नोंदी असतात, पण एस-थ्रीतून फाइल वाचल्याच्या नोंदी त्यात येत नाहीत. त्या हव्या असतील तर डेटा इव्हेंट वेगळे चालू करावे लागतात, त्याचे पैसे पडतात. केएमएसच्या नोंदी मात्र आपोआप येतात. जॉब पडला त्या वेळेच्या आसपास ‘डिक्रिप्ट’ शोधा. तिथे नकाराची नोंद असेल तर चावीच आडवी आलीय, नसेल तर रोल आणि बकेटकडे परत वळा.

लिहिण्याच्या बाजूला आणखी एक खाचखळगा आहे. मोठी फाइल एस-थ्रीत तुकड्या-तुकड्यांनी चढते आणि केएमएसची चावी असेल तर त्यासाठी ‘जनरेट डेटा की’सोबत ‘डिक्रिप्ट’ही लागतं. म्हणून चाचणीतलं छोटं मॉडेल नीट सेव्ह होतं आणि खरं मोठं मॉडेल अडतं. आणि मॉडेल वर चढतं ते ट्रेनिंग संपल्यावर, म्हणजे जीपीयूचं सगळं भाडं भरून झाल्यावर. म्हणून मोठा जॉब लावण्याआधी साध्या स्वस्त मशीनवर, त्याच रोलने, त्याच बकेटवर एक छोटा जॉब चालवा. थोडे फोटो वाचू द्या आणि मॉडेलच्या फोल्डरात मुद्दाम काहीशे एमबीची निरुपयोगी फाइल टाकून ती आउटपुटला पोहोचते का बघा. मी हे प्रत्येक नव्या पार्टीसाठी करायला सांगतो आणि आग्रहाने सांगतो.

बकेट पार्टीच्या खात्यात, जॉब आपल्या खात्यात

मोठ्या फौंड्र्या हल्ली फोटो स्वतःच्याच खात्यात ठेवतात, आणि ते योग्यच आहे. तेव्हा परवानगी दोन्हीकडून लागते. आपल्या रोलच्या पॉलिसीत त्यांची बकेट हवी आणि त्यांच्या बकेट पॉलिसीत आपला रोल हवा. एका बाजूने देऊन चालत नाही. चावी वापरली असेल तर तिथेही दोन्ही बाजू लागतात. त्यांनी एस-थ्रीसाठीची ॲमेझॉनची तयार केएमएस चावी वापरली असेल, तर तिची की-पॉलिसी बदलता येत नाही, म्हणून ती दुसऱ्या खात्याला देताच येत नाही. मग त्यांना स्वतःची चावी करून फोटो तिच्याखाली पुन्हा कॉपी करावे लागतात. हे कामाच्या पहिल्याच बैठकीत विचारून घ्या.

या जोडणीत पुन्हा पुन्हा येणारं एक दुखणं आहे, आणि त्याचं कारण बऱ्याच जणांना सापडत नाही. काल चालत होतं, आज ४०३, आणि कुणी काही बदललं नाही असं सगळे सांगतात. विचारा, रोल पुसून पुन्हा त्याच नावाने केला का? बकेट पॉलिसी सेव्ह होताना रोलचं नाव आतमध्ये त्याच्या एकमेव ओळख-क्रमांकाशी बांधलं जातं. रोल पुसला की तो क्रमांक गेला. नवा रोल त्याच नावाचा असला तरी क्रमांक नवा. पार्टीच्या बकेट पॉलिसीत मग रोलच्या नावाऐवजी ‘एआरओए’ने सुरू होणारी अक्षरांची रांग दिसते. त्यांना तिथे रोलचं नाव पुन्हा लिहून सेव्ह करायला सांगा, जोडणी परत जुळते. सेटअपची स्क्रिप्ट दर वेळी रोल पुसून नवा करत असेल तर ती आधी सुधारा.

देवनागरी नावांच्या फाइली

हा आपल्याकडचा खास प्रकार. पाळीवरची माणसं फोल्डरला मराठीत नाव देतात, शेजारच्या युनिटमध्ये कन्नडमध्ये. एस-थ्रीला ते चालतं. पण ‘ॲल्युमिनियम’मधलं पहिलं अक्षर दोन प्रकारे टाइप होतं. एका कीबोर्डवर ‘ॲ’ हे एकसंध अक्षर येतं, दुसऱ्यावर ‘अ’ आणि त्यावर वेगळा चंद्र. डोळ्यांना दोन्ही सारखी, एस-थ्रीला दोन वेगळी नावं. युनिकोडचं नॉर्मलायझेशनही या दोघांना एक करत नाही.

परवानगीशी याचा संबंध असा, की रोलला लिस्टबकेट नसेल तर नसलेली फाइल मागितल्यावरही एस-थ्री ‘सापडली नाही’ असं सांगत नाही, ४०३ देतं. म्हणजे प्रश्न नावाचा आणि दिवसभर शोध परवानगीचा. बकेटमध्ये जाणारी नावं रोमन अक्षरं, आकडे आणि आडव्या रेघेचीच ठेवा. मराठी किंवा कन्नड नाव हवं तर ते लेबलच्या फाइलमध्ये लिहा.

स्क्रिप्टमध्ये विसरलेल्या चाव्या

ट्रेनिंगची स्क्रिप्ट स्वतः बोटो-थ्री या पायथनच्या लायब्ररीने एस-थ्रीतून काही वाचत असेल तर हे बघाच. बोटो-थ्री आधी एन्व्हायर्नमेंटमधल्या ॲक्सेस की (एन्क्रिप्शनच्या नाही, लॉगिनसारख्या चाव्या) घेतं, रोलची पाळी नंतर येते. कुणी कधीकाळी डॉकर इमेजमध्ये (स्क्रिप्ट ज्यात चालते त्या तयार पेटीत) स्वतःची ॲक्सेस की घालून ठेवली असेल, तर रोल कितीही नीट बांधला तरी जॉब त्या जुन्या माणसाच्या नावानेच वाचतो. स्क्रिप्टच्या सुरुवातीला एसटीएस या सेवेची ‘गेट कॉलर आयडेंटिटी’, म्हणजे स्क्रिप्ट कुणाच्या नावाने चालतेय ते, छापा. त्यात तुमच्या रोलचं नाव आलं पाहिजे, एखाद्या युजरचं नाही. कीची सुरुवात बघूनही कळतं. ‘एकेआयए’ म्हणजे माणसाची कायमची चावी, ‘एएसआयए’ म्हणजे तात्पुरती. कायमची सापडली तर नुसती इमेजमधून काढू नका, आयएएममध्ये जाऊन रद्द करा, कारण इमेजच्या जुन्या थरांत ती तशीच असते.

उरलेलं थोडक्यात. बकेट मुंबई रीजनमध्ये आणि जॉब दुसऱ्या रीजनमध्ये असं इनपुट चालत नाही, दोन्ही एकाच रीजनमध्ये हवेत. जॉब खासगी व्हीपीसीत, म्हणजे तुमच्या खात्यातल्या बंदिस्त नेटवर्कमध्ये, चालवत असाल आणि डाउनलोडिंगला बराच वेळ लटकून पडत असेल, तर परवानगी शोधत बसू नका. एस-थ्रीचा गेटवे एंडपॉइंट (त्या नेटवर्कमधून एस-थ्रीकडे जायची वाट) आहे का आणि तो त्या सबनेटच्या राउट टेबलला जोडलाय का, ते बघा. या एंडपॉइंटचं वेगळं भाडं नाही. त्याच्या आधारे बकेट पॉलिसीत ‘या एंडपॉइंटखेरीज सगळ्यांना नकार’ लिहिता येतं, पण मग तुमचा कन्सोलही बाहेर राहतो, म्हणून देखभालीच्या रोलला त्यातून आधी वगळा. नेटवर्क आयसोलेशन, म्हणजे स्क्रिप्टला बाहेरचं नेटवर्क बंद, चालू केलं असेल तर सेजमेकर स्वतः इनपुट आणून देतं, पण तुमच्या स्क्रिप्टला थेट एस-थ्रीत जाता येत नाही. आयएएममधला बदल कधीकधी लगेच लागू होत नाही, जरा थांबून मगच पुन्हा जॉब लावा.

इतकं करूनही अडलं आणि कुणाला विचारायची वेळ आली, तर ‘चालत नाही’ एवढंच लिहू नका. जॉब बनताना अडला, डाउनलोडिंगला की शेवटी मॉडेल चढवताना, ते सांगा. नकाराचा संदेश पूर्ण द्या, कारण बऱ्याचदा त्यातच लिहिलेलं असतं की परवानगी रोलच्या पॉलिसीत नाही की बकेट पॉलिसीने स्पष्ट नकार दिलाय. रोलची पॉलिसी, बकेट पॉलिसी, चावीचा प्रकार, दोन्हीकडचा रीजन आणि व्हीपीसी आहे की नाही, हे जोडा. पाठवण्याआधी खाते क्रमांक, ॲक्सेस की, पार्टीचं नाव आणि पार्ट नंबर झाका, आणि स्क्रीनशॉटपेक्षा मजकूर कॉपी करून द्या, म्हणजे विसरलेली तिरकी रेघ समोरच्याला दिसेल.